पुण्याच्या मॅडमचं मुरुड

रिंगणात जायच्या आधी उज्वला पडद्यामागे उभी राहून 'पाणी' म्हणायची. पाणी, लोणी, कोण, आणि. 'ण' जिभेवर नीट बसला की मगच काळा गॉगल डोळ्यांवर चढवायची. कारण पुण्याची मॅडम चुकून 'पानी' म्हणाली, तर लोक हसतील. आणि लोक हसले की खेळ गेला. "ते हसाय नाही आले, जळाय आलेत," असं आनंदराज म्हणायचा.

आनंदराज नांदेडचा. आधी त्याचा ऑर्केस्ट्रा होता, मग त्यानं 'महादंगल' काढलं. टीव्हीवर परदेशी कुस्त्या दाखवतात ना, तसलं. दोरांचा चौकोन, रंगीत दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी. एक भला, एक दुष्ट. दुष्टानं कपट करायचं, भल्यानं मार खायचा, आणि लोकांचा जीव अगदी कंठाशी आला की भल्यानं उलटून दुष्टाला आडवं करायचं. देगलूर, मुखेड, उदगीर, अहमदपूर, जिथं मैदान मिळेल तिथं त्याचा तंबू लागायचा. निम्म्या लोकांना ठाऊक असायचं की हे सगळं ठरवून चाललंय. उरलेल्या निम्म्यांना ते ठाऊक करून घ्यायचं नसायचं. खेळ रंगला की दोघंही सारखेच ओरडायचे.

उज्वला त्यातली दुष्ट होती. पांढरी पॅन्ट, डोक्यावर दुसऱ्या कुणी धरलेली छत्री, नाकाला रुमाल. माइक हातात घेऊन ती चहूकडे बघायची आणि अगदी मोजूनमापून बोलायची, "शी! काय हा उकाडा, आणि काय हा वास! तुमच्या लातूरला पाणी आगगाडीने आलं होतं ना हो? मग आंघोळ कशाने करता? टपालाने?"

एवढं पुरायचं. माणसं खुर्च्यांवरून उठायची. बाया पदर खोचून बोटं मोडायच्या. ज्यांनी त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रात्ररात्र रांगा लावल्या होत्या, ती माणसं तिच्यावर थुंकायची आणि आईबहिणीवरून शिव्या द्यायची. उज्वला गॉगलमागून ते बघायची. त्या रांगेत तीही उभी राहिली होती. लातूरला मावशीकडं राहून ती तेव्हा कॉलेज करत होती. पण हे गॉगलला ठाऊक नव्हतं.

तिच्या विरुद्ध असायची मुग्धा. लाल रिबिनी, कासोटा घातलेलं हिरवं लुगडं. नाव 'बांधावरची बिजली'. खरी मुग्धा विष्णुपुरीची, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापक वसंतरावांची मुलगी. शाळेपासून ज्यूदो खेळलेली, नाटकात कामं केलेली, बांध म्हणजे नेमकं काय हे महादंगलमध्ये आल्यावर शिकलेली. गाडीत दोघी शेजारी बसायच्या आणि एकमेकींना आपापली बोली शिकवायच्या. मुग्धाची मावशी पुण्याची. तिचं बोलणं मुग्धा उज्वलाला करून दाखवायची. उज्वला मुग्धाला सांगायची, "'खूप' नको म्हणू, 'लई' म्हण. आन 'हो' न्हाई, 'हाव'. लांबव जरा. हाऽव."

"हाऽव," मुग्धा म्हणायची आणि हसत सुटायची. वयानं ती उज्वलाहून चारपाच वर्षांनी लहान. तिला 'ताई' म्हणायची.

खेळ संपला की मुग्धाभोवती गर्दी पडायची. म्हाताऱ्या तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायच्या. "कुन्या गावची गं माय तू?" मुग्धा शिकवलेलं सांगायची, "बांधावरची हाव मी, आजी." म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. तेव्हा उज्वला स्कार्फनं तोंड झाकून गाडीत मागच्या सीटवर बसलेली असायची, कारण लोकांनी तिला ओळखलं तर काच फुटायची. काचेतून ते हात दिसायचे. भेगाळलेले, हळदीचे, कडब्यानं कापलेले. आपल्या आईचे असतात तसेच. ते हात मुग्धाच्या गालावर फिरायचे आणि इकडं उज्वलाचा गाल उगाच गरम व्हायचा.

मत्सर नव्हता तो. मुग्धावर तिचा जीव होता. पण भूक लागल्यावर दुसऱ्याचं ताट बघताना जसं होतं, तसं काहीतरी व्हायचं.

ही भूक तिला लहानपणीच लागलेली. लातूरजवळच्या मुरुडपासून दोन कोसांवर तिचं गाव. बाप शेषेराव. तरुणपणी गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या मारलेला गडी. त्याला मुलगा नव्हता. त्यानं गोठ्याच्या बाजूला तांबडी माती आणून टाकली, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळली आणि पोरीला उतरवली. गाव हसलं. केवळाबाई, त्याची बायको, चार दिवस जेवली नाही. शेषेराव मागं हटला नाही. पहाटे पोरीला उठवून बैठका काढायला लावायचा एवढंच.

चौदा वर्षांची असताना मुरुडच्या मैदानात उज्वलानं एका पोराला ढाक डाव टाकून चितपट केलं. क्षणभर कुणालाच काय झालं ते कळेना. मग जो आवाज उठला, तो तिनं त्याआधी कधी ऐकला नव्हता. कुणीतरी तिला उचलून खांद्यावर घेतलं. वरून तिला माणसांच्या टोप्या, फेटे, उघडी तोंडं दिसत होती, आणि सगळ्या तोंडांत तिचं नाव होतं. "शेषेरावाची उज्वला! शेषेरावाची उज्वला!" बाप गर्दीच्या कडेला उभा होता. हसत नव्हता. डोळे मिटून नुसता ऐकत होता.

त्यानंतर बरीच वर्षं ती खेळली, पदकंही आणली. मग राज्याच्या निवड चाचणीत खांदा निखळला आणि पुन्हा पहिल्यासारखा बसला नाही. कुठं क्रीडाशिक्षक म्हणून लागेल म्हणून वाट बघितली. शेवटी नांदेडला एका जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवायला लागली. तिथंच आनंदराजानं तिला पाहिलं.

घरी तिनं लपवलं नाही. लपलंही नसतं, मोबाइलवर सगळंच दिसतं. केवळाबाई फोनवर सांगायची, "आबा बगतेत. मोबाइल लांब धरून बगतेत. बोलत न्हाईत काई."

शेषेराव स्वतः एकदाच बोलले. "खांदा बरा हाय म्हन्तीस. मग हरतीस कशी?"

"ठरलेलं असतंय आबा."

"कुनी ठरवलं?"

"आमीच. दोघी मिळून."

"आसं व्हय," शेषेराव म्हणाले आणि फोन आईकडं दिला. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर उज्वलाला बरं वाटलं असतं.

मग मुरुडचा खेळ ठरला.

उज्वलानं आनंदराजाला सांगून पाहिलं, की तिथं मला सगळे ओळखतात, मला गाळा. आनंदराज म्हणाला, "गॉगलमध्ये कोण ओळखतंय? आणि मॅडम नसेल तर लोक शिव्या कुणाला घालतील? मला?" खरं सांगायचं तर तिनं फार जोर लावला नाही. तिला जायचं होतं. बाजारतळावर गाडी वळली आणि ओळखीचा चिंचेचा वास, भट्टीवरच्या शेवेचा वास, धूळ असं सगळं एकदम आत आलं, तेव्हा तिनं काच खाली केली. मुग्धानं तिचा हात दाबला. "ताई, घर आलं ना तुझं?"

"हाव," उज्वला म्हणाली.

दिवस मावळत होता. मैदान काठोकाठ भरलेलं. खुर्च्या संपल्या तशी माणसं टेम्पोच्या टपांवर, दुकानांच्या पत्र्यांवर बसली होती. उज्वलानं पडद्यामागे 'पाणी, लोणी' केलं, गॉगल लावला, छत्रीखाली चालत निघाली. शिव्यांसाठी तिनं अंग आवळून घेतलं होतं.

शिट्ट्या आल्या. मग टाळ्या. मग कडेच्या पत्र्यावरून कुणीतरी ओरडलं, "आलीऽ रं! शेषेरावाची उज्वला आली!"

तिचे पाय थांबले. छत्री धरणारा तिच्यावर आपटला.

माइक हातात घेऊन तिनं वासाचं आणि उकाड्याचं बोलून पाहिलं. लोक पोट धरून हसले. "टपालाने" म्हटल्यावर तर एका म्हाताऱ्यानं टोपी उडवली. "बोल पोरी बोल! काय फाडफाड बोलती बगा, जनू पुन्याचीच!" बायकांच्या घोळक्यातून हाका आल्या, "उज्जे, इकडं बग गं!" ती शेजारची चंद्रकलाकाकू होती. काकू मांडीवरचं नातवंड उंच धरून त्याला तिच्याकडं दाखवत होती.

आणि उज्वलाला वाटलं, इथंच, आत्ता, असंच राहावं. गॉगल काढावा, माइक टाकावा, चंद्रकलाकाकूजवळ जाऊन बसावं. इतक्या वर्षांनी त्या तोंडांत तिचं नाव होतं. तिनं काहीही न करता होतं.

मुग्धा आली. तिच्या गाण्यावर एरवी मैदान नाचायचं. आज थंड. मग मागून कुणीतरी 'हूऽऽ' केलं. "ही कुन्या बांधावरची रं? हिचा बाप नांदेडात प्रोफेसर हाय!" हशा झाला. मुग्धानं माइक घेतला, म्हणाली, "राम राम मुरुडकर! लई आनंद..." आणि तिचं 'लई' तिच्याच तोंडात खोटं वाजलं. तिला ते कळलं. डोळे गोंधळले.

कुस्ती सुरू झाली. उज्वलानं ठरल्याप्रमाणे तिचे केस ओढले. एरवी इथं चपला यायच्या. आज टाळ्या पडल्या. पंच पाठमोरा झाल्यावर तिनं मुठीतली माती मुग्धाच्या डोळ्यांत टाकली, तर मैदान उभं राहिलं. "हाण! अजून हाण!" आणि मुग्धानं पहिला फटका मारला तेव्हा जो आवाज आला, तो उज्वलाला चांगला ओळखीचा होता. रोज तिच्यावर येणारा. पण तो झेलायला तिचं अंग कमावलेलं होतं. मुग्धाचं नव्हतं. मुग्धानं आजवर फक्त माया पाहिली होती.

पाण्याची भरलेली बाटली कुठून तरी आली आणि मुग्धाच्या कानावर बसली. कानाच्या पाळीवर रक्त दिसलं. लोक हसले. पुढच्या डावात उज्वलानं तिला उचललं, तर तिचं अंग ओल्या पोत्यासारखं लागलं. या खेळात पडणाऱ्यानं हनुवटी छातीशी लावायची असते, पाठ पसरायची असते. नाहीतर मान जाते. मुग्धा काहीच करत नव्हती. उज्वलानं फेक मध्येच सोडली, तिला अलगद खाली ठेवलं आणि वर पडल्यासारखं करून कानाशी विचारलं, "मुग्धा, बग माझ्याकडं. काय झालं?"

"ताई, मला नाही जमत आहे. ते मला खरंच मारतील." ती रडत होती. तिच्या श्वासातून ते सगळं उज्वलाला कळत होतं.

उज्वलानं मान वर केली. खाली आनंदराज दोन्ही हातांनी काहीतरी खुणावत होता. लवकर संपव. पण कसं संपवायचं? ठरल्याप्रमाणे मुग्धा जिंकली, तर गाडीपर्यंत जाताना हे लोक तिला सोडणार नाहीत. आणि आपण जिंकलो? तर उद्यापासून बिजली कायमची संपली. ही पोर पुन्हा दोरात पाय घालणार नाही.

तेवढ्यात गर्दी एका बाजूनं फाटली. चारपाच जणांनी कुणाला तरी पुढं आणलं होतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात गुलाबी फेटा. शेषेराव.

"बाप आलाय! बापाच्या हातनं फेटा बांधा पोरीला!" मैदान एका आवाजात म्हणालं. कुणी त्यांना दोरापाशी चौथऱ्यावर चढवलं. शेषेराव अवघडून उभे होते. आपणहून आले नसते ते कधी. उचलूनच आणलं असणार. पण हातातल्या फेट्याच्या घड्या कुणीतरी फार नीट घातल्या होत्या.

उज्वला दोरापाशी गेली. लोकांना वाटलं, फेट्यासाठी वाकली. वर्षभरात बापाचं तोंड तिनं इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मिशी पार पांढरी झालेली.

"आबा," ती ओठ न हलवता म्हणाली, "त्या पोरीला लोक मारतील आता."

शेषेरावांनी तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. मुग्धा गुडघ्यांवर होती, कानाला हात लावून. त्यांनी गर्दीकडं बघितलं. आयुष्यभर मैदानं बघितलेला माणूस. त्याला फार सांगावं लागलं नाही.

"मग?"

"मला हा फेटा फेकावा लागंल."

त्यांचे डोळे तिच्या गॉगलवर थांबले. तिला वाटलं, आता हे माघारी वळतील आणि पुन्हा कधी आपल्याशी बोलणार नाहीत.

"फेक," शेषेराव म्हणाले. "पर मायेनं फेकू नगं. लोकास्नी कळतंय."

तिनं फेटा हातात घेतला. मैदान टाळ्यांनी भरलं. तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला आणि दुसऱ्या हातानं माइक उचलला. 'ण' जागेवर होता, 'च' जागेवर होता, सगळं जागेवर होतं.

"ए म्हाताऱ्या. हे असलं फडकं मी डोक्याला बांधू? याला शेणाचा वास येतोय."

आणि तिनं तो फेटा रिंगणातच पायाशी भिरकावला. घड्या सुटून गुलाबी कापड लांबच लांब पडलं. तिनं त्यावर बूट ठेवला.

इतकं शांत मैदान तिनं कधी ऐकलं नव्हतं. टपावरचा एक माणूस नुसता "अगं..." म्हणाला. शेषेरावांचा हात टोपीकडं गेला आणि तिथंच राहिला. डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे उज्वलाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

मग मैदान फुटलं. चपला, बाटल्या, नारळाची करवंटी, सगळं तिच्यावर आलं. चंद्रकलाकाकू नातवाला खाली ठेवून उभी राहिली होती आणि दोन्ही हातांनी तळतळाट देत होती. "बापाचा फेटा! मेली का न्हाई गं तू त्या नांदेडात!"

मुग्धानं डोकं वर केलं. काय चाललंय ते तिला कळलं की नुसतं अंगातलं नाटक जागं झालं, कोण जाणे. ती उठली. धावत येऊन तिनं उज्वलाला ढकललं, फेटा उचलला, झटकला, कपाळाला लावला आणि शेषेरावांच्या डोक्याला गुंडाळायला लागली. बांधता येत नव्हता. वाकडातिकडा, एक टोक लोंबणारा असा तिनं तो बांधला आणि त्यांच्या पाया पडली. शेषेरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बिजलीऽऽ!" मैदान ओरडलं. "बिजली! बिजली!"

त्यानंतर मुग्धानं जे मारलं, त्याला तोड नव्हती. उज्वला प्रत्येक फटक्यावर हेलपाटली, दोरावर लटकली, तिनं दयेची भीक मागितली, पुन्हा कपट करून बघितलं. शेवटी मुग्धानं तिला खांद्यावरून आपटलं. पाठीवर पडताना वरचे दिवे तिच्या डोळ्यांत गेले. पंच मोजत होता, लोक त्याच्याबरोबर मोजत होते. ती पडून राहिली. खरं म्हणजे तिला उठावंसं वाटत नव्हतं. पाठीखाली मुरुड होतं.

तिला पोलिसांच्या गाडीत घालून मैदानाबाहेर काढावं लागलं. जाळीतून तिनं बघितलं, मुग्धा खांद्यावर होती. लोकांच्या, टोप्यांच्या वर. शेषेरावांना खुर्ची दिली होती आणि कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतं.

त्या फेकलेल्या फेट्याचा व्हिडिओ मराठवाडाभर फिरला. आनंदराजानं उज्वलाचं मानधन न मागता वाढवलं. आता तिला माइकवर काही बोलायचीही गरज राहिली नाही. नुसती छत्री दिसली की लोक पेटायचे. गाडीत मुग्धा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसायची, आणि एकदा म्हणाली, "ताई, मी सांगू का सगळ्यांना खरं काय ते? इन्स्टावर टाकते." उज्वला म्हणाली, "आणि मग तुला काय म्हणतील? गप बस."

घरी आठ दिवस फोनवर बोलणं झालं नाही. केवळाबाई उचलत नव्हती. फेट्याचं खरं काय ते शेषेरावांनी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग एका दुपारी शेतातून त्यांचाच फोन आला.

"तुज्या मायला सांगितलं आज. लई रडून राहिली हुती. तिला सांगितल्याबिगर इलाज नव्हता. बाकी कुनाला न्हाई."

"आबा, गावात सांगा की. मला येता यील मग."

"गावात काय चाललंय तुला ठाव न्हाई," शेषेराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तिनं पूर्वी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. मजा होती. "मला चौकात बसवतेत. चहा पाजतेत. तुला शिव्या घालतेत. म्या मान हलवतो नुसती. परवा सरपंच म्हनला, आबा, तुमच्यासारका सोशिक मानूस न्हाई. म्या म्हनलं, काय करता."

उज्वला हसली. हसता हसता तिला रडू आलं, तर तिनं फोन लांब धरला.

मार्गशीर्ष संपत आला. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी लातूरकडची गावं ओस पडतात, माणूस न् माणूस शेतात असतो. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या डाळींची आणि शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. कुणाच्याही शेतात जाऊन जेवायचं. उज्वला कुठंही असली तरी या दिवशी घरी जायची. यंदा ती नांदेडला खोलीवर होती. मैत्रिणींच्या मोबाइलवर खोपी दिसत होत्या. तिनं मोबाइल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेषेराव एसटीनं नांदेडच्या बाजूला आले. गावात सांगून आले, की डोळे दाखवायचेत. मुग्धानं आपल्या घरी बोलावलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. "येळवशीचं खानं चार भिंतींत बसून खात्यात व्हय?" म्हणून बापलेक विष्णुपुरीच्या धरणाच्या बांधावर जाऊन बसले. उन्हं कोवळी होती. खाली गोदावरीचं पाणी लांबवर पसरलेलं. शेषेरावांनी पिशवीतून डबा काढला, आंबिलीची बाटली काढली, आणि डबा उघडायच्या आधी विचारलं, "त्या पोरीनं खांद्यावरनं आपटलं तवा मान कशी वाचवलीस?"

लहानपणी पहाटे गोठ्यापाशी विचारायचे तसं त्यांनी विचारलं होतं.

"हनुवटी आत घ्यायची. आन दोन्ही हात एकदम आपटायचे, म्हंजी मार पसरतोय. बगा, असं." तिनं गवतावर आडवं होऊन दाखवलं.

"आन ती उचलती तवा तू अंग हलकं करतीस."

"हाव. उडी मीच मारायची. तिला नुसता आधार द्यायचा."

शेषेरावांनी आपलाही एक हात गवतावर आपटून बघितला. "म्हंजी पाडनाऱ्यापरीस पडनाऱ्याचं काम मोठं," ते म्हणाले. "लई अवघड हाय गं. आमच्यानं झालं नसतं."

तिनं डब्याचं झाकण काढलं. भज्जीचा वास आला, आंबट, हिरवा. आईच्या हाताचा.

तेवढ्यात बांधावरून कॉलेजची पाचसहा मुलं येताना दिसली. एक थबकला. "ए, ती बघ. मॅडम! मुरुडवाली!" मुलं जवळ आली. मग त्यांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. "अरे, हे ते आबा. फेटा नाही का... आबा, तुम्ही हिच्याजवळ काय करून राहिलात?"

उज्वलानं बापाकडं बघितलं. तिला वाटलं, सांगावं. जाऊ दे सगळं, फेटा फेक असं आबाच म्हणाले होते म्हणावं. ओठांवर आलंसुद्धा. पण शेषेराव काठी टेकत उठले होते. त्यांचा चेहरा बदलला होता. खांदे पडले, हात थरथरायला लागला.

"काय सांगू लेकरांनो. हिची माय अंथरुनाला लागलीय. म्हनलं, दोन घास हिच्या तोंडात घालावं, पाघळली तर पाघळली." त्यांनी टोपी सारखी केली. "न्हाई पाघळत."

मुलांनी उज्वलाकडं बघितलं. मुलं ती काय म्हणते याची वाट बघत होती. शेषेरावही बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत कोपऱ्यात ती मजा होती. बोल की, म्हणत होते ते.

तिनं घसा साफ केला.

"मी बोलावलं नव्हतं तुम्हाला," पुण्याची मॅडम म्हणाली. "जा. आणि पुन्हा येऊ नका."

"थू तुझ्या!" एक मुलगा म्हणाला. दुसऱ्यानं शेषेरावांची पिशवी घेतली. "चला आबा, आम्ही सोडतो तुम्हाला रोडपर्यंत. लातूरची गाडी मिळेल." मुलांनी त्यांना मध्ये घेतलं आणि बांधावरून घेऊन गेली. कुणी खांदा धरला होता, कुणी कोपर. शेषेराव एकदाही वळले नाहीत. उज्वला पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मांडीवर उघडा डबा तसाच.

काही वेळानं मोबाइल वाजला.

"पोरं लई गुनाची हायत," शेषेराव हळू आवाजात म्हणत होते. मागं ट्रकचे हॉर्न. "टपरीवर चहा पाजून राहिलेत. म्या जरा बाजूला आलोय. जेवलीस का?"

"जेवते आता."

"आंबील आदी पी. आंबट हुईल."

"आबा," ती म्हणाली, "घरला कवा येऊ?"

पलीकडं कुणीतरी "आबा, गाडी आली!" म्हणून हाक मारली.

"मोसम संपू दे तुमचा," शेषेराव म्हणाले. "मग म्याच सांगतो समद्यास्नी. चौकात उभं राहून सांगतो. तवर दम काढ." मग म्हणाले, "तुजी माय रोज सांजच्याला तुजी वाट बगत दारात येऊन बसती. तिला मात्र काई सांगून उपयोग न्हाई." आणि फोन बंद झाला.

उज्वलानं बाटलीचं बूच काढलं. लोह्यावरून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर एक लाल एसटी चढाला लागली होती. तीच असेल किंवा नसेल. ती दिसेनाशी होईपर्यंत उज्वला उभी राहून बघत होती. मग खाली बसली आणि आईनं केलेला उंडा भज्जीत मोडला.